यंत्रमानव-स्पर्धेस जाणाऱ्या विद्यार्थी-संघाच्या प्रवासाची आखणी

यंत्रमानव तयार करून त्याच्याकडून नेमून दिलेली कामे करवून घेण्याच्या शालेय स्पर्धा हा प्रकार आता खेड्यातील शाळांनाही अगदीच अपरिचित राहिलेला नाही. यंत्र कसे जोडावे, त्यास आज्ञावली कशी द्यावी, यांविषयीचे साहित्य पुष्कळ मिळते. परंतु तयार झालेले यंत्र आणि ते तयार करणारी मुले स्पर्धेच्या गावी सुखरूप व वेळेवर कशी पोचवावीत, या प्रश्नाचा विचार बहुधा अखेरच्या आठवड्यावर ढकलला जातो. त्याचे परिणाम दोन होतात. वाटेत यंत्र बिघडते, हा पहिला. तो एक वेळ दुरुस्त करता येतो. दुसरा असा की, ‘प्रत्येकाने उद्या अमुक रुपये आणावेत’ असा निरोप ऐनवेळी घरोघर गेला म्हणजे ज्याच्या बापाची मजुरी आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी हाती पडते तो मुलगा मुकाट्याने संघातून गळतो, आणि ज्या मुलीच्या आईला सोबत कोण बाई जाणार आहेत हे कोणी सांगितलेले नसते ती मुलगीही घरीच राहते. प्रवासाची आखणी ही निव्वळ कारकुनी बाब नव्हे; संघात अखेर कोण राहणार याचा निर्णय बऱ्याच अंशी तीतच होऊन जातो. म्हणून तिचा विचार यंत्राच्या विचाराबरोबरच, म्हणजे पहिल्या दिवसापासून करणे अगत्याचे आहे.

प्रथम या स्पर्धांच्या स्वरूपासंबंधी थोडेसे. ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या नाटकातून जगभर गेला. त्याचे मूळ वेठबिगारीच्या अर्थाच्या शब्दात आहे. आपल्याकडे ‘यंत्रमानव’ हा प्रतिशब्द रूढ झाला, तरी शालेय स्पर्धेतील यंत्रास मानवाचा आकार मुळीच नसतो. दोन-तीन मोटारी, चाके, रंग किंवा अंतर ओळखणारे संवेदक आणि या सर्वांस हुकूम देणारी एक लहानशी संगणक-पेटी, एवढाच त्याचा संसार. ‘फर्स्ट लेगो लीग’ ही स्पर्धा १९९८ पासून चालू आहे. तिच्या गेल्या काही वर्षांच्या नियमांप्रमाणे एका संघात दहापर्यंत मुले असतात आणि मेजावरील खेळ अडीच मिनिटांचा असतो. परंतु गुण केवळ त्या खेळास नसून यंत्राची रचना, एखाद्या प्रश्नावर मुलांनी शोधलेला उपाय आणि संघाची परस्परांतील वागणूक यांसही तितकेच गुण असतात. ‘वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाड’ ही दुसरी स्पर्धा २००४ पासून भरते. तिच्यातील संघ दोन-तीन मुलांचा असतो आणि स्पर्धेच्या दिवशी सकाळी एखादा नवा नियम अचानक जाहीर केला जातो, जेणेकरून घोकून आणलेली आज्ञावली पुरी पडू नये. या ऑलिंपियाडची २०१६ ची जागतिक फेरी दिल्ली परिसरातच झाली. त्या वर्षीचा विषय केरकचऱ्याची विल्हेवाट हा होता. अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी ‘रोबोकॉन’ आहे. २००८ साली पुण्यास भरलेल्या आशिया-पॅसिफिक रोबोकॉनमध्ये यंत्रांना जो खेळ दिला होता तो गोविंदा व दहीहंडी यांवर बेतलेला होता, ही गोष्ट वर्गात सांगितल्यास मुलांची भीड पुष्कळच चेपेल.

आता एक उदाहरण कल्पून पुढे जावे. दीपनगर व त्याच्या आसपासच्या गावांतील इयत्ता सहावी ते आठवीच्या आठ मुलामुलींचा एक संघ आहे; त्यासोबत एक शिक्षक व एक शिक्षिका जाणार आहेत; आणि विभागीय स्पर्धा डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी पुण्यास आहे, असे धरावे. दीपनगर ही भुसावळ औष्णिक विद्युत केंद्राची वसाहत. येथील पाचशे मेगावॉटचे दोन संच, कोळसा वाहून नेणारे पट्टे, तापमान व दाब यांवर अहोरात्र लक्ष ठेवणारी उपकरणे यांच्या सावलीत वाढलेल्या मुलांस संवेदक म्हणजे काय हे पुस्तकातून शिकविण्याची गरज पडू नये. शिवाय हे गाव राष्ट्रीय महामार्गावर आहे, आणि मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्य ठाणे असलेले भुसावळ जंक्शन हाकेच्या अंतरावर आहे. मुंबई येथून सुमारे ४४० किलोमीटर, मनमाड-दौंड मार्गे पुणे सुमारे ५००, आणि इटारसी-भोपाळवरून दिल्ली सुमारे १,१०० किलोमीटर. प्रवासाच्या सोयीच्या दृष्टीने खानदेशातील फार थोड्या गावांची स्थिती इतकी अनुकूल आहे. साक्री किंवा चोपड्याकडील शिक्षकांनी हाच हिशेब करताना ठाण्यापर्यंत पोचण्याचा अर्धा दिवस वेगळा धरावा.

आखणी स्पर्धेच्या दिवसापासून मागे मोजीत यावी. स्पर्धा शनिवारी सकाळी, तर संघ शुक्रवारी सकाळी पुण्यास असावा. म्हणजे मुलांना झोप व यंत्राला एक चाचणी मिळते. याचा अर्थ गुरुवारी रात्री भुसावळ सोडावयाचे. रात्रीच्या प्रवासानंतर त्याच सकाळी मुलांना मेजापुढे उभे करण्याचा मोह, एका दिवसाचा मुक्काम वाचतो म्हणून, पुष्कळांना होतो. तो कटाक्षाने टाळावा. डोळ्यांवर झोप असलेल्या मुलाचे बोट चुकीच्या कळीवर पडते आणि तीन महिन्यांचे श्रम अडीच मिनिटांत वाया जातात. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. म्हणजे डिसेंबरच्या मध्यावरील गाडीचे आरक्षण ऑक्टोबरच्या मध्यास उघडेल. आणि तो काळ नेमका सत्र परीक्षांचा किंवा दिवाळीच्या तयारीचा असतो. शाळा बंद असली तरी त्या सकाळी खिडकीवर कोण उभे राहणार, त्याचे नाव महिनाभर आधी ठरलेले असावे. परतीचा प्रवास रविवारचा असल्यास त्याचे आरक्षण जाण्याच्या आरक्षणानंतर तीन दिवसांनी उघडते, हे विसरले जाते. जाण्याची तिकिटे हाती आहेत आणि येण्याची प्रतीक्षायादीत आहेत, अशी स्थिती म्हणूनच उद्भवते. लग्नसराईच्या दिवसांत तर प्रतीक्षायादीवर मुळीच विसंबू नये.

आरक्षणाच्या एका अर्जावर सहाच प्रवाशांची नावे बसतात. दहा जणांसाठी दोन अर्ज लागतील, आणि ते भरताना पहिल्या अर्जावर सहा मुले व दुसऱ्यावर दोन मुले व दोन शिक्षक अशी सरळ वाटणी करण्याकडे कल होतो. तसे करू नये. प्रत्येक अर्जावर एक मोठे माणूस असलेच पाहिजे, कारण दोन तिकिटांच्या जागा दोन वेगळ्या डब्यांत आल्यास मुले एकटी पडतील. शक्य तो मुलींची नावे शिक्षिकेच्या अर्जावर असावीत. बारा वर्षांखालील मुलास स्वतंत्र शायिका हवी असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडे पडते, तेव्हा सहावीच्या मुलाचे अर्धे तिकीट गृहीत धरून अंदाजपत्रक करू नये. भाडे-सवलतींचाही नीट विचार व्हावा. शैक्षणिक सहलीस जाणाऱ्या विद्यार्थ्यांना द्वितीय व शयनयान वर्गाच्या मूळ भाड्यात निम्मी, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना पाऊण सवलत आहे. ग्रामीण भागातील सरकारी शाळांच्या मुलांना वर्षातून एकदा अभ्यासदौऱ्यासाठी द्वितीय वर्गात पाऊण सवलत मिळते. त्यासाठी मुख्याध्यापकांच्या सहीचा विहित नमुन्यातील दाखला लागतो आणि तिकीट खिडकीवरूनच काढावे लागते. स्पर्धेचा प्रवास ‘शैक्षणिक सहल’ या सदरात घेतला जाईल की नाही, हे भुसावळच्या वाणिज्य कार्यालयात सप्टेंबरातच लेखी विचारून घ्यावे. ऐन खिडकीवर, मागे रांग वाढलेली असताना, त्याची चर्चा होऊ शकत नाही.

आरक्षण ऑक्टोबरात, तर परवानगी त्यापूर्वी हवी. मुख्याध्यापकांचा प्रस्ताव केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी यांच्यामार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊन परत येण्यास किती दिवस लागतात, हे शिक्षकांस सांगावयास नको. प्रस्तावासोबत स्पर्धेचे पत्र, विद्यार्थ्यांची यादी, पालकांची संमतिपत्रे, मुक्कामाच्या ठिकाणाचे नाव-पत्ता आणि सोबतच्या शिक्षकांची नावे जोडावीत. यांपैकी मुक्कामाचा पत्ता बहुधा ‘नंतर कळविण्यात येईल’ असा लिहिलेला असतो, आणि प्रस्ताव नेमका त्यासाठी अडतो. अडतो हे योग्यच आहे. मुले रात्री कोठे झोपणार हे ज्या प्रस्तावात नाही तो प्रस्ताव अपुराच म्हणावयाचा.

आणि परवानगीच्याही आधी पैसा. येथे खानदेशातील शेतकऱ्याच्या वर्षाचे भान ठेवावे लागते. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात रोकड नसते. कापूस वेचून विकला जाईल तेव्हा ती येणार. मजुराच्या घरी तर शंभर-दोनशे रुपयेही आठवडाभर आधी सांगितल्याशिवाय निघत नाहीत. अशा वेळी ‘ऐच्छिक वर्गणी’ हा शब्द फसवा ठरतो, कारण जो देऊ शकत नाही तो संघातून स्वतःच माघार घेतो आणि खरे कारण कधीच सांगत नाही; पोट दुखते, मामाकडे जावयाचे आहे, असे काहीतरी सांगतो. यास्तव संघातील कोणाही मुलाकडून प्रवासखर्च न घेणे हाच नियम ठेवावा. आणि तो सर्वांना सारखा असावा, श्रीमंताच्या मुलासही. मग पैसा कोठून आणावयाचा? शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत जुलैतच विषय घ्यावा. ग्रामपंचायत, माजी विद्यार्थी, गावातील पतसंस्था, बाजार समितीतील व्यापारी यांच्याकडे नुसत्या शब्दाने न जाता खर्चाचा कागद घेऊन जावे. मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कायद्यानुसार नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कार्यावर खर्चावा लागतो. परिसरात असा कारखाना असल्यास तेथेही अर्ज करावा, पण त्यांचे निर्णय सावकाश होतात, तेव्हा केवळ त्यावर विसंबू नये. यंत्राच्या साहित्यासाठी मात्र काही सरकारी मार्ग आहेत. २०१६ पासून चाललेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा योजनेत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी निवडलेल्या शाळेस एकूण २० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते, आणि इन्स्पायर-मानक योजनेत निवड झालेल्या विद्यार्थ्यास त्याच्या कल्पनेची प्रतिकृती करण्यासाठी १० हजार रुपये थेट मिळतात. ज्या शाळेस अशी प्रयोगशाळा नाही तिने जवळच्या अशा शाळेशी संधान बांधावे; दोन शाळांचा मिळून सराव करण्यास काही हरकत दिसत नाही.

आता संघ कोणाचा, या नाजूक प्रश्नाकडे वळावे. यंत्र जोडण्यास जून-जुलैत पंधरा-वीस मुले गोळा होतात आणि स्पर्धेचे नियम आठ-दहांना, कधी तिघांनाच जाऊ देतात. निवड गुणपत्रिकेवरून करू नये. रोजच्या कामाची एक वही ठेवावी. कोणी कोणता भाग जोडला, कोणी कोणती चूक शोधली, हे त्या त्या दिवशी मुलांनीच तीत लिहावे. ऑक्टोबरात ती वही पुढे ठेवली म्हणजे निवडीबद्दल फारसा वाद उरत नाही. परंतु वहीत न दिसणारी एक अडचण आहे. चाळीसगाव, पारोळा, साक्री, शिरपूर या भागांतून आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांतून दसरा-दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीस किंवा इतर मजुरीस बाहेर जातात. स्पर्धा डिसेंबरात येतात. ज्या मुलाच्या हाताने चाकाचा दांडा सरळ बसतो तोच मुलगा त्या वेळी शेकडो किलोमीटर दूर एखाद्या कारखान्याच्या तळावर असण्याचा संभव असतो. हे डिसेंबरात कळून उपयोग नाही. ऑगस्टमध्येच त्या पालकांची भेट घेऊन मूल हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ ठेवता येईल काय, हे पाहिले पाहिजे. काही पालक ऐकतील, काही ऐकणार नाहीत. त्यांचा नाइलाज समजून घ्यावा, पण विचारलेच नाही असे होऊ नये.

मुलींच्या बाबतीत नुसते संमतिपत्र घरी पाठवून सही मागविणे पुरेसे नाही. शिक्षिकेने स्वतः घरी जावे आणि आईशी बोलावे. झोपण्याची खोली कोणती, दार आतून लागते की नाही, स्नानगृह वेगळे आहे काय, रात्री फोन कोणत्या क्रमांकावर लागेल, हे प्रश्न आई विचारीत नसली तरी तिच्या मनात असतात. त्यांची उत्तरे आपण होऊन द्यावीत. मासिक पाळीचे साहित्य शिक्षिकेच्या पिशवीत असावे आणि ते आहे हे मुलींना ठाऊक असावे. दहा मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण सहलीस ठीक असले, तरी स्पर्धेच्या गर्दीत दोन मोठी माणसे हवीतच, कारण एक यंत्राजवळ अडकतो. परगावी मुलांचे मायबाप होण्याचे हे काम खानदेशास नवीन नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालयही सांभाळीत. त्यांच्या कीर्तीत त्या छात्रालयाचा वाटा वर्गातील अध्यापनाहून कमी नाही.

यंत्राच्या बांधाबांधीसंबंधी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण पुष्कळ संघ येथे नडतात. खोक्यात यंत्र सबंध ठेवावे की सुटे करून, हा पहिला प्रश्न. चाके व पुढे आलेले हात काढावेत, मधला सांगाडा तसाच ठेवावा, हा मध्यम मार्ग बरा. काढण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, आणि प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच अंक लिहिलेला कागद चिकटवावा. तार कोणत्या छिद्रात होती याचा वाद रात्री अकरा वाजता विश्रामगृहात सोडविण्याचा प्रसंग येऊ नये. खोके साध्या पुठ्ठ्याचे नको. फळांच्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये स्पंज घालून केलेली पेटी स्वस्त व बळकट होते, आणि क्रेटला जळगाव जिल्ह्यात तोटा नाही. ही पेटी सामानाच्या डब्यात किंवा बसच्या टपावर कधीही देऊ नये. ती आसनाखाली, डोळ्यांसमोर असावी आणि तिची जबाबदारी दोन मुलांवर पाळीपाळीने असावी. सुटे स्क्रू, एक जादा मोटार, जादा तारा, पेचकस, चिकटपट्टी, लांब तारेचा विजेचा बोर्ड आणि आज्ञावलीच्या दोन वेगळ्या पेनड्राइव्हवरील प्रती हे साहित्य दुसऱ्या पिशवीत असावे, त्याच पेटीत नव्हे.

विद्युत्‌घटांची काळजी निराळी घ्यावी लागते. लिथियमचे घट उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत ठेवू नयेत. भुसावळचे ऊन कसे असते हे येथे सांगावयास नको. प्रवासात त्यांची टोके चिकटपट्टीने झाकावीत आणि ते किल्ल्या-नाण्यांच्या पिशवीत कधीही टाकू नयेत, नाहीतर टोके जुळून आग लागू शकते. संघास पुढे विमानाने जाण्याचा योग आला तर जादा घट हाताशी असलेल्या पिशवीतच न्यावे लागतात, मोठ्या सामानात चालत नाहीत. आणि १०० वॅट-तासांपर्यंतचा घट विशेष परवानगीवाचून नेता येतो. हा हिशेब मुलांकडूनच करवून घ्यावा. ११.१ व्होल्ट व २.२ अँपिअर-तास असे घटावर छापलेले असेल, तर दोहोंचा गुणाकार सुमारे २४.४ वॅट-तास येतो; म्हणजे मर्यादेच्या बराच आत. सातवीच्या दशांश अपूर्णांकांस याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

शाळेत बिनचूक चालणारे यंत्र स्पर्धेच्या दालनात भलतीकडे जाते, याची कारणे बहुधा प्रवासातच नसून जागा बदलण्यात असतात. काळी रेघ ओळखणारा संवेदक परावर्तित प्रकाश मोजतो. शाळेच्या खोलीत खिडकीचे ऊन येते. दालनात वरून प्रखर दिवे असतात. म्हणून जे आकडे शाळेत ठरविले ते तेथे खोटे पडतात. तेथे गेल्यावर ते नव्याने मोजून घेण्याची सवय मुलांस आधीच लावावी. सकाळी, दुपारी, रात्री दिव्याखाली आणि खिडक्या झाकून असा चारदा सराव केल्यास ती लागते. घट उतरला की मोटार मंदावते आणि ठरलेल्या सेकंदांत यंत्र कमी वळते, हीही तशीच गोष्ट. चाकांवर बसलेली आपल्याकडील बारीक धूळ प्रत्येक फेरीपूर्वी ओल्या फडक्याने पुसावी. एवढ्यानेही यंत्राच्या वळणात दिसण्याइतका फरक पडतो.

या सर्वांची एक रंगीत तालीम नोव्हेंबरात व्हावी. दीपनगरच्या संघाने पेटी बांधून एस. टी.ने भुसावळ व तेथून रेल्वेने जळगाव गाठावे, एखाद्या मित्रशाळेत यंत्र पुन्हा जोडावे, तीन फेऱ्या चालवाव्यात आणि संध्याकाळी परत यावे. खर्च थोडा, लाभ मोठा. पेटी फलाटावर किती जड वाटते, जोडणीस वीस मिनिटे लागतात की पाऊण तास, कोणाला बसमध्ये मळमळते, कोणाला अनोळखी माणसांपुढे बोलताच येत नाही, हे सारे त्या एका दिवसात कळून येते. घराबाहेर कधी न राहिलेल्या मुलांना त्याच सुमारास एक रात्र शाळेत मुक्कामास ठेवणेही इष्ट. खाण्याचाही हिशेब तालमीतच करावा. पहिल्या रात्री घरच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी व केळी पुरतात. बाहेरचे तिखट खाणे स्पर्धा आटोपेपर्यंत दूर ठेवावे. कोणास कोणते औषध चालू आहे, कशाचे वावडे आहे, हे पालकांकडून लेखी घ्यावे. प्रत्येक मुलाच्या खिशात शिक्षकांचे दोन्ही फोन क्रमांक व मुक्कामाचा पत्ता असलेली चिठ्ठी असावी. गाडीत अडचण आल्यास रेल्वेचा १३९ हा क्रमांक मुलांनाही पाठ असावा.

परीक्षकांपुढे मुलांनीच बोलावयाचे असते. शिक्षकाने मध्ये पडणे बहुतेक स्पर्धांत नियमबाह्य आहे, आणि यंत्रास हात लावणे तर सर्वस्वी वर्ज्य. खानदेशातील मुलांची घरची बोली अहिराणी, लेवा किंवा पावरी, शाळेची मराठी, आणि परीक्षक बहुधा हिंदी-इंग्रजीत विचारणार. इंग्रजी वाक्ये पाठ करवून घेण्याचा उपाय सर्वांत वाईट, कारण पहिला उलट प्रश्न येताच मूल गप्प होते. स्पर्धेच्या संयोजकांस महिनाभर आधी पत्र लिहून मराठीतून उत्तरे देण्याची मुभा मागावी. मोटार, सेन्सर, प्रोग्राम, बॅटरी हे शब्द सर्वांस समजतातच. उरलेले मुलाने आपल्या भाषेत, यंत्र हातात धरून दाखवीत सांगावे.

परदेशी फेरीचा योग क्वचितच येईल, पण येतच नाही असे नाही. रत्नागिरी व पुणे या जिल्हा परिषदांनी आपल्या शाळांतील निवडक मुलांना अलीकडे अमेरिकेतील नासा संस्था दाखविण्यास नेले, हे सर्वश्रुत आहे. अशा वेळी अडथळा यंत्राचा नसून कागदाचा असतो. जुलै २०१७ मध्ये वॉशिंग्टन येथे ‘फर्स्ट ग्लोबल’ ही जागतिक शालेय स्पर्धा प्रथमच भरली, तेव्हा अफगाणिस्तानातील हेरातच्या सहा मुलींच्या संघास अमेरिकेचा प्रवेश-परवाना दोनदा नाकारला गेला. मुलाखतीसाठी हेरात ते काबूल हा खडतर प्रवास त्यांना दोनदा करावा लागला होता. त्यांच्या यंत्राचे सुटे भागही सीमाशुल्क तपासणीत दीर्घकाळ अडकून पडले होते. जगभर गवगवा झाल्यावर अगदी अखेरच्या दिवसांत परवाना मिळाला, संघ पोचला, आणि धैर्याबद्दलचे रौप्यपदक त्या मुलींनी मिळविले. आपल्या मुलांपुढे युद्ध नाही, मुत्सद्देगिरीचे अडथळे नाहीत. आपल्याकडील अडथळा पुष्कळदा एका अक्षराचा असतो. जन्मदाखल्यात एक नाव, आधारपत्रावर दुसरे, शाळेच्या जनरल रजिस्टरात तिसरे. कोठे आईचे नाव नाही, कोठे जन्मतारीख अंदाजाने लिहिलेली. पारपत्राच्या वेळी हे उघडकीस येते आणि दुरुस्तीस महिने जातात. पहिलीत नाव दाखल करताना जन्मदाखला पुढे ठेवून अक्षर न् अक्षर जुळविणारा शिक्षक त्या मुलाच्या परदेशप्रवासाची पहिली तयारी नकळत करीत असतो.

परत आल्यावर आठ दिवसांच्या आत हिशेब शाळा व्यवस्थापन समितीपुढे पावत्यांसह ठेवावा आणि ज्यांनी पैसे दिले त्यांना त्याची नक्कल पाठवावी; पुढील वर्षी त्याच दारात जावयाचे असते. उरलेले सुटे भाग शाळेच्या जडवस्तूसंग्रह नोंदवहीत चढवावेत, नाहीतर मार्चपर्यंत त्यांतील निम्मे कोठे गेले हे कळत नाही. यंत्र मात्र लगेच कपाटात ठेवू नये. जी मुले जागेअभावी किंवा घरच्या अडचणीमुळे जाऊ शकली नाहीत, त्यांच्या हाती ते पहिल्या सोमवारी द्यावे. जाऊन आलेल्यांनी तेथे काय चुकले ते त्यांना दाखवावे, आणि कामाच्या वहीचे नवे पान त्या दिवसाच्या तारखेने सुरू करावे.